पाठीवर नाही

ओनान रुंगु, समोसिर बेट
१४ जून १९८३

प्रिय साहाला दादा,

होरास. तू आणि आई बरे असाल. आम्ही तिघं बरी आहोत. यातलं ‘तिघं’ नीट वाच.

तुझं पत्र शुक्रवारच्या बाजारहोडीनं मिळालं. लग्न ठरल्याचं वाचून फार आनंद झाला. वहिनी शिक्षिका आहे म्हणतोस, तर तुझं अक्षर आता तरी सुधारेल. इकडे तळ्यात मासळी कमी आहे, कांदा मात्र बरा निघाला. पोरगी दूध पिते आणि शिंकते, आणि शिंकली की स्वतःच दचकते. तिचं नाव तियार्मा. तुझ्या पत्रात जिथे तिथे ‘ते मूल’ आहे, म्हणून नाव कळवते.

आईचं म्हणणं तू लिहिलंस. लग्नाला ये, नवऱ्याला, जोंगीला, आणू नकोस. मूल पाठीवर बांध, त्याच्या डोक्यावरून कापड ओढ, मागच्या दारानं थेट स्वयंपाकाच्या मांडवात ये. कुणी विचारलंच, तर शेजारणीचं आहे म्हण.

माझ्या वाचण्यात चूक होत असेल असं वाटून मी ते जोंगीलाही वाचायला दिलं. तो मासे धरायला जातो म्हणून निघाला आणि जाळं दारातच राहिलं.

बाबांनी चुलीपुढे बसवून आपल्याला वाचायला शिकवलं, तेव्हा त्यांची अट होती: न कळलेला शब्द गिळायचा नाही, मोठ्यानं विचारायचा. म्हणून विचारते. ‘शेजारणीचं’ म्हणजे काय?

आधी एवढंच सांगते की तिला पाठीवर बांधता येत नाही. ती वेळेच्या फार आधी आली. त्या दिवशी मी मागावर होते, पट्टा कमरेला आणि काठी पोटाला टेकलेली. बाजारातल्या व्यापाऱ्यानं सांगितलेलं कापड होतं, हातभर विणायचं राहिलं होतं. मागावर दोरे गोल फिरतात, विणून झाल्यावर कापले की मगच कापड उलगडतं, हे आईच्या मागाखाली रांगलेल्या तुला काय सांगायचं. कापायला वेळच मिळाला नाही. शेजारची मारिहोतची आई धावत आली. तिनंच पोर झेलली. मग मागाच्या काठ्या ओढून काढल्या, कापडाचा तो वेढा तसाच माझ्या गळ्यात घातला आणि पोर त्यात ठेवली, माझ्या उघड्या छातीशी.

“इथंच राहू दे हिला,” म्हणाली. “चुलीपाशी नको नि पाळण्यात नको. आईच्या उबेवर पिकेल, केळ्यासारखी.”

तेव्हापासून ती तिथेच राहते. कान माझ्या छातीच्या हाडावर, पाय बेडकासारखे दुमडलेले, नाक मोकळं. मान वाकवली की माझे ओठ तिच्या टाळूला लागतात. तिचा श्वास माझ्या गळ्याला लागतो. लागेनासा झाला असं वाटलं की मी चालता चालता थांबते, आणि ती खुशाल जांभई देते. पाठीवर असली तर मला हे कसं कळणार? न विणलेले सुटे दोरे खांद्यावर येतात आणि रुततात, वळ उठलेत. बायका म्हणतात, वेढा फिरव, विणलेली बाजू खांद्यावर घे. मग सुटे दोरे तिच्याखाली येतील. त्यापेक्षा खांद्याला रुतलेले बरे.

बाजारात लोक बोलतात. कांदेवाली म्हणाली, “अगं रोतुआ, पोर पुढे बांधलीस, आता माग कुठं बांधणार? डोक्यावर?” हे मला चालतं. पण तिच्या नणंदेनं हसत विचारलं, “काय गं, साहाला हिचा मामा की काका?”

मी म्हटलं, “दोन्ही. तुमच्याकडे एक तरी येतो का?”

उत्तर दिलं खरं, पण मीठ घ्यायचं विसरून घरी आले. आपल्या आणि जोंगीच्या पूर्वजांनी भावाभावाची शपथ घेतली, म्हणून दोन कुळांत सोयरीक होत नाही, हे मला लग्नाआधी माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी कधी म्हटलेलं नाही. पण शपथ घेणाऱ्यांची तोंडं आज कुणीच पाहिलेली नाहीत. तियार्माचं तोंड कुणीही पाहू शकतं.

मुलाला बांधायचं कापड माहेरून यायचं असतं, आईनं आपल्याच मुलाला आपलं विणलेलं घालू नये, हे मला आईनंच शिकवलं. तिचा मागावरचा एकही नियम मी तोवर मोडला नव्हता. म्हणून बाळंतपणानंतर मी सगळ्यांना सांगत होते की मी कुणाची वाट पाहत नाही. मारिहोतची आई पानओव्याची पानं घालून कोंबडीचा रस्सा आणायची. खरं तर तो आपल्या आईच्या हातचा असायला हवा होता. मी चव नाही म्हणून रडायचे. दादा, चव चांगली होती.

पुढचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण शब्द गिळायचा नाही.

होडीवाल्यानं मला सांगितलं. तो म्हणाला, “तुझं बाळ झाल्याचं कळलं त्या आठवड्यात तुझा भाऊ पलीकडच्या धक्क्यावर आला होता. काखेत कापड, गडद निळं, काठाला लाल. मी म्हटलं, बस की, सुटतेय. तर म्हणतो, आज लाटा आहेत. अगं, तळं कसं, ताटातल्या पाण्यासारखं! कॉफी प्याला आणि माघारी गेला.”

लाल काठ आईचा. म्हणजे तिनं विणलं होतं. मी सासरी गेल्यापासून माझं नाव न घेणाऱ्या आईनं दिवस मोजले होते, दोरे मोजले होते. आणि तुला लाटा दिसल्या. त्या लाटांत तुला आपल्या कुठल्या वडीलधाऱ्यांची तोंडं दिसली ते मला ठाऊक आहे. मलाही तीच दिसतात.

तर मी येते. लग्नाच्या सकाळच्या होडीनं, जोंगीबरोबर. पुढच्या दारानं येईन, चर्चमध्ये मधल्या वाटेनं चालेन, आणि तियार्मा माझ्या पुढे असेल. तिचं नाक बाबांचं आहे, मधे चपटं, टोकाला वर. पाठीवर असती तर ते माझ्या केसांत लपलं असतं. आता जो माझ्यासमोर येईल त्याला आधी ती भेटेल. वडीलधाऱ्यांना आम्हाला उठवायचं असेल तर उठवू देत, पण तिच्याकडे बघून उठवावं लागेल.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. ती रडली तर, जोंगीला कुणी हात लावला तर, आईनं मान फिरवली तर, सगळं घोकून झालंय. भीत भीत येईन, पण येईन.

आईला सांग, ते कापड सगळ्यांसमोर आमच्या खांद्यावर घातलं तर मी डोकं वाकवून घेईन. मागच्या दाराशी दिलं तर घेणार नाही.

आणखी एक. माझ्या गळ्यातल्या वेढ्याचे दोरे अजून कापलेले नाहीत. ज्या घरात मूल जगेल की नाही याची धास्ती असते तिथे कापड असं न कापता ठेवतात, आई सांगायची. तियार्मा जगली. आता कापायला हरकत नाही, पण मी कात्री लावणार नाही, जोंगीही नाही. ते मामाचं काम. लग्नाच्या कोटाच्या खिशात कात्री ठेव. नसलीच, तर आम्ही त्याच अखंड कापडात परत येऊ. ते मजबूत आहे, मी विणलंय.

आपल्यात पहिल्या मुलाच्या नावानं आईला हाक मारतात. इथे अजून कुणी मारत नव्हतं. परवा होडीवाल्यानं भर धक्क्यावर मारली, आणि मी वळून पाहिलं. तूही त्याच नावानं हाक मार. रोतुआ म्हणून मारलीस, तर त्या दिवशी मला ऐकू येणार नाही.

तुझ्या भाचीची,
तियार्माची आई