हातावरचं नाव काढायला काय पडतं

अव्वा, माझे आई, मागच्या महिन्यात मी सोलापूरला जाऊन डाव्या हातावर तुझं नाव गोंदवून घेतलं. तुला हे ऐकून बरं वाटणार नाही. गोंदण म्हटलं की तुझा चेहरा कसा व्हायचा ते मला अजून दिसतं. पण मी ते उठून लगेच केलेलं नाही. वर्षभर विचार केला, चार ठिकाणी चौकशी केली, पैसे बाजूला टाकले आणि मग गेले. तुझ्या वेळी यातलं काहीच झालं नव्हतं, कुणी तुला विचारलंही नव्हतं. म्हणून तुला सगळं पहिल्यापासून सांगावंसं वाटतंय. त्यातलं बरंचसं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी सांगते.

लग्नानंतरच्या पहिल्याच सोनारीच्या जत्रेत सासूनं तुला गोंदणाऱ्यापुढं बसवलं होतं. भाकरी थापता थापता तू मला ते सांगायचीस. बॅटरीवर चालणारं यंत्र, एक मळकं फडकं, आणि मागं पत्र्यावर रंगवलेली चित्रं: विंचू, तुळस, फूल. तुला फूल हवं होतं. सासू म्हणाली, फूल घालून काय करायचं, नवऱ्याचं नाव घाल. फुलाला एकच दर होता आणि नावाला अक्षरागणिक पैसे होते. आप्पांच्या नावाची अक्षरं चार. सासूनं घासाघीस केली, पण दिले, आणि रस्त्यात तुला दोनदा ऐकवलं की आम्ही सुनेला काही कमी करत नाही. तू एवढं सांगून हसायचीस आणि म्हणायचीस, "मला तर फुकटच पडलं." मी लहान होते, मलाही ते फुकटच वाटायचं.

आप्पांनी बार्शीला दुसरा संसार मांडला तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. मामा आपल्याला जळकोटला घेऊन आले आणि रस्त्याकडेची एक खोली दिली. तिथं तू हायवेवरच्या धाब्यांसाठी कडक भाकरी करायला लागलीस. माझ्या डोळ्यांपुढं ती खोली अजून तशीच आहे. चूल पेटलेली आहे, तू परातीत पीठ मळते आहेस, तुझा हात पुढंमागं होतो आहे आणि हातावरची हिरवी अक्षरं हाताबरोबर हलताहेत. मी नुकतीच अक्षरं जुळवायला शिकले आहे. पाटीवरचं वाचून संपलं म्हणून मी तुझ्या हातावरचं मोठ्यानं वाचते. तू पिठाचा हात तसाच माझ्या तोंडावर ठेवतेस. "नाव घ्यू न्हाय त्यांचं." मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता विचारतेस, "ह्यातलं पहिलं अक्षर कंचं?" मी बोट ठेवून दाखवते. तोवर तुला एवढंच ठाऊक होतं की तिथं नवरा आहे. तो कुठून सुरू होतो ते तुला त्या दिवशी कळलं.

पुढं मी शिवण शिकले, दुकान टाकलं, आणि पहिलं झंपर तुझंच शिवायला घेतलं. बाहीचं माप घेताना टेप कोपराच्या वर थांबवला तर तू तो धरून खाली मनगटापर्यंत ओढलास. मी म्हटलं, अगं उन्हाळा आहे, चुलीपुढं बसतेस. तू म्हणालीस, "ब्याड गं, नको आखूड, लांबच कर." तेव्हापासून तुझी सगळी झंपरं लांब बाहीची झाली. बायका हसायच्या, मास्तरीण झालीस का म्हणायच्या. भाकरी थापताना मात्र बाही वर सरकवावीच लागायची, म्हणजे दिवसातला बहुतेक वेळ ते नाव तुझ्यासमोर असायचंच.

मामांच्या धाकटीचं लग्न आठवतं ना? आप्पांना कुणी बोलावलं होतं कोण जाणे, पण ते आले आणि पुरुषांच्या पंगतीत बसले. तू वाढत होतीस, हातात आमटीची बादली होती आणि बाह्या वर सरकवलेल्या होत्या. तू त्यांच्यापुढं आलीस आणि थांबली नाहीस, इतरांना वाढलंस तसंच त्यांनाही वाढलंस. तेव्हा त्यांनी तुझं मनगट धरलं, हात शेजारच्यांकडं वळवला आणि म्हणाले, "बघा, कुठंबी राहू द्या हिला, छाप माझीच हाय." चारदोन माणसं हसली. तू हात सोडवून घेतलास आणि पुढच्या पत्रावळीवर आमटी वाढलीस. मी भाताचं पातेलं घेऊन तुझ्या मागंच होते, तुझी फक्त पाठ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू विचारलंस, "हे काढायचं असंल तर काय पडतं गं?" मी अस्तर आणि दोरे आणायला सोलापूरला जायचेच, तेव्हा कातडीच्या डॉक्टरांकडं चौकशी करून आले. तुला सांगितलं की प्रकाशाच्या किरणानं काढतात. एका वेळी निघत नाही. सात-आठ वेळा जावं लागतं, मधे दीड-दोन महिने थांबावं लागतं, आणि दर वेळेचे वेगळे पैसे. एका वेळेचे जेवढे होत होते तेवढे मी महिनाभर झंपरं शिवून मिळवायची. शिवाय एवढं करून पुसट डाग राहणार नाही याची खात्री नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "चढवाय जत्रंत बसले तेवढा वेळ, आन् उतरवाय वरीस?" मी म्हटलं, लग्नसराई आली की काम वाढतं, तेव्हा सुरू करू, दर महिन्याला थोडं थोडं टाकू. तू "बरं" म्हणालीस. तुझं "बरं" मी नेहमी खरं धरायची.

बिब्ब्यानं गोंदण जातं हे तुला शेजारणीनं सांगितलं होतं. ती वाईट बाई नव्हती. तिनं लहानपणी कुणाचं तरी गेलेलं पाहिलं होतं म्हणे. मी दुकानात असताना, भरदुपारी, तू दिव्यावर बिब्बा तापवलास आणि त्याचं तेल अक्षरांवर घातलंस. पहिल्या अक्षरापासून सुरुवात केलीस. दोन अक्षरं झाल्यावर सोसवलं नाही म्हणून थांबलीस, हे तू मला नंतर दवाखान्यात सांगितलंस. कातडी जळली, फोड आले, फुटले, आणि तुझ्या अंगात शुगर. गोळ्या तू आठवल्या तर घ्यायचीस. बाही मनगटापर्यंत होती. मला काही दिसलं नाही. धाबेवाले काका दुकानात येऊन म्हणाले, अव्वांची भाकरी आजकाल एका अंगानं जाड येतीय, बरं न्हाय का त्यास्नी? मी घरी आले तर तू एका हातानं भाकरी थापत होतीस. बाही वर केली आणि मी तुला तशीच उठवून जीपमध्ये घातलं.

सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हात पाहिला, रक्त तपासलं आणि मला बाजूला नेऊन सांगितलं की विष वर चढतंय. हात ठेवला तर माणूस राहणार नाही. काढला तर राहील, तेही नक्की नाही. मी तुला कसं सांगायचं ते शोधत उभी होते. तू झोपल्या जागेवरून सगळं ओळखलंस आणि डॉक्टरांनाच विचारलंस, "कुठून कापताव?" त्यांनी स्वतःच्या हाताला कोपराखाली खूण करून दाखवली. तू म्हणालीस, "मग सगळंच जाईल की त्यात. कापा." डॉक्टरांना वाटलं तुला समजलेलं नाही. ते पुन्हा समजावून सांगायला लागले. तुला त्यांच्यापेक्षा चांगलं समजलं होतं.

हात काढल्यावर तू शुद्धीवर आलीस. खाटेवर बसून मी तुझ्या ओठांना ओला कापूस लावत होते. तू डोळे न उघडता विचारलंस, "गेलं का?" मी म्हटलं, "गेलं अव्वा." तू मान हलवलीस. त्यानंतर ताप चढत गेला, तू कानडीत तुझ्या आईशी बोलत राहिलीस, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. एका नावापायी. जत्रेतल्या त्या माणसाला सासूनं जे पैसे दिले, त्यात याची काहीच गिनती नव्हती.

आपल्यात जाळत नाहीत, खड्ड्यात बसवून माती देतात. तुला बसवलं तेव्हा आप्पा आले होते. लांब, बाभळीखाली उभे राहिले. मग जरा पुढं आले, आणि मी पाहिलं, ते तुझ्या चेहऱ्याकडं बघत नव्हते, पांढऱ्या कापडात हात शोधत होते. उजवा हात मांडीवर होता. डाव्या बाजूला कापड सपाट होतं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते माती न टाकताच परत गेले, आणि पुन्हा आपल्या दारात आले नाहीत.

आता माझं सांगते. माझ्या दुकानात हल्ली पोरी येतात, बाहीचं माप घेताना त्यांच्या हातावर पिसं, पाखरं, इंग्रजी अक्षरं दिसतात. मी प्रत्येकीला विचारत गेले, कुठं केलं, किती पडलं, दुखलं का, पस्तावलीस का. असं विचारता विचारता मला कळायला लागलं. लहान असो की मोठं, एक ठरावीक रक्कम द्यावीच लागते, कारण सुई नवी, रंग नवा, हातमोजे नवे. त्यापुढं इंचावर भाव. नुसती रेघ स्वस्त, रंग भरायचा असेल तर महाग. स्टँडजवळच्या एका दुकानात निम्म्या पैशात करून देत होते. मी सुई दाखवा म्हटलं तर तो मुलगा बाटलीतल्या पाण्यात बुडवलेल्या सुया दाखवायला लागला. मी उठून आले. निम्मे पैसे कशाचे वाचतात ते मला कळत होतं.

जिथं केलं तिथं एक तरुण बाई होती. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, शुगर आहे का? मी पुढं केलेला हात मागं घेतला. तिला वाटलं मी घाबरले. म्हणाली, ताई, घरात कुणाला असेल तर आधी रक्त तपासून या, मी आज करणार नाही. म्हणून मी परत आले, तपासून घेतलं. शुगर नाही निघाली. मग गोंदणाचे, तपासणीचे, मलमाचे, गाडीभाड्याचे आणि दुकान बंद ठेवायच्या दिवसांचे असे सगळे पैसे धरले. नंतर काढावंसं वाटलं तर किती लागतील तेही विचारून घेतलं आणि तेवढे बँकेत वेगळे ठेवले. ती हसली, म्हणाली, काढायचे पैसे आधी ठेवणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतेय. मी म्हटलं, असू द्या.

तीन अक्षरं आहेत तुझी. रेशनकार्ड सोडलं तर ती कुठंच लिहिलेली नव्हती. घरावर मामांचं नाव, हातावर आप्पांचं, आणि सही म्हणून अंगठा. सुई लागली तेव्हा मी दात आवळून बसले होते, पण दुखलं ते सोसण्यासारखं होतं. गोंदणारी पुसत होती आणि खालून तू उमटत होतीस. मनात आलं, मीही तेच करतेय का, एका बाईचं नाव तिला न विचारता घालतेय? तरी मी हात तसाच पुढं ठेवला.

हे कागद मी कुठं धाडणार नाही. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर ते कुणाकडं तरी वाचून घ्यायला नेले असतेस, आणि मग आपल्या दोघींमधलं त्याला सगळं कळलं असतं.

एक मात्र सांगायला हवं. गावातल्यांना ठाऊक आहे, पण हायवेवरून आलेलं नवं गिऱ्हाईक विचारतं, हे नाव कुणाचं? सुरुवातीला मी सांगायची, आईचं. मग बायका विचारायच्या, नाहीत का त्या, कशानं गेल्या? आता मी सांगते, माझंच आहे. मग त्या मला त्या नावानं हाक मारतात, आणि मी ओ देते.