परवानगी आधी मागावी

कन्नड, मळ्यावरून
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मंजुषास नानांचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. सूनबाई, तू प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला गेल्यापासून घरात गोकुळचं राज्य आहे. त्याच्या भाकरीला रोज नवा आकार असतो. काल एक गाईनंही हुंगून सोडली. पण कारखान्याच्या पाळीवर जाण्याआधी तो दोन्ही वेळचं करून ठेवतो, म्हणून बापाला तक्रारीची सोय नाही.

हृदयाची गोळी वेळेवर घेतो. गोकुळ म्हणतो, तुम्ही अंगणवाडीच्या बायका दिवसभर रबरी बाहुल्याची छाती दाबत बसता. खरं काय ते कळव. फोनवर तू माझ्याशी 'हो' आणि 'बरं' याखेरीज बोलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

तुझ्या भावाला आशीर्वाद सांग. उत्तराची वाट पाहतो.
नाना

गारखेडा
७ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. नानांच्या चरणी मंजुषाचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. पत्र पोचलं. भाकरीचं वाचून इंद्रजीतदादा आणि मी पोट धरून हसलो.

बाहुल्याचं खरं आहे. माणूस कोसळला, हाकेला उठेना, श्वास नीट चालेना, तर १०८ ला फोन लावायचा आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाबत राहायचं. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. मला ते पहिल्याच दिवशी जमलं. शिकवणाऱ्या वहिदा मॅडमनी शाबासकी दिली.

परवा त्या म्हणाल्या, घरातल्या माणसाचं नाव घेऊन दाबा. मी तुमचं नाव घेतलं आणि हातच पुढं जाईनात. तीस बायकांसमोर रडले. नाना, अकरा वर्षांत दसऱ्या-पाडव्याला तुमच्या पायांना हात लावला, तेवढाच. मागच्या पोळ्याला तुम्ही गोठ्यापाशी चक्कर येऊन पडलात. मी पदर सावरत दोन पावलांवर उभी राहिले आणि तुम्हाला तसंच टाकून शेजारच्या मळ्यात बद्रीनाथभाऊंना बोलवायला पळाले. तुमचा श्वास चालू होता म्हणून निभावलं. नसता तर मी परत येईपर्यंत सगळं संपलं असतं. मी दोन पावलांवर थांबले होते, हे आजवर ह्यांनाही सांगितलं नाही.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, पडलेला माणूस परवानगी देऊ शकत नाही, ती आजच मागून ठेव. म्हणून मागते. तशी वेळ आली तर तुमच्या छातीला हात लावू का? रागावलात तरी कळवा.

माया आहे ती कमी करू नका.
आपली,
मंजुषा

कन्नड
११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मंजुषास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

पोळ्याला मी पूर्ण बेशुद्ध नव्हतो. तुझ्या पायातली जोडवी दिसत होती. पुढं यायची, थांबायची, मागं जायची. चूक तुझी नव्हती. तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी माझ्या अंगठ्याला विळा लागला होता. तू चिंधी घेऊन धावलीस, आणि चार पाहुणे बसलेत म्हणून मी हात मागं ओढला. तू त्यावरून शिकलीस. मी विसरलो नव्हतो, पण कधी बोललो नाही. त्याची मला लाज वाटते.

परवानगी आहे. पदर पडला तर पडू दे, बरगडी मोडली तरी चालेल. बद्रीनाथला बजावून ठेवलंय, माझ्या सुनेनं हात लावला तर मधे कुणी यायचं नाही, फक्त गाडी बोलवायची. तो बावचळून बघतच राहिला.

आता माझं ऐक. तुझी सासू चतुराबाई गेल्यापासून, तू अंगणवाडीतून परतलीस की मळ्यावर आपण दोघंच असतो. मी पडलो तर काय, ते तू लिहिलंस. तू पडलीस तर काय, ते लिहिलं नाहीस. सकाळी गोठ्यापाशी जाऊन मी विचार केला. मीही दोन पावलांवरच थांबलो असतो.

तेव्हा मला शिकवायच्या तयारीनंच ये. गोकुळनं पोत्यात कोंडा भरून ठेवलाय. मात्र त्याआधी मलाही तुझी परवानगी हवी. तिचं उत्तर पत्रानं नको, दारामागूनही नको. समोर बसून दे.

लेकीवर असतो तसाच लोभ तुझ्यावर आहे. तूही ठेव.
नाना