मधूचं दुसरं लग्न

माधवनगर, उज्जैन
ता. ५ नोव्हेंबर १९४५

चि. मधुकर यास अक्काआत्याचे आशीर्वाद.

तर नाही, मी रडले नाही. तू गेल्याची तार आली तेव्हा नाही, अन् जिवंत असल्याची आली तेव्हा पण नाही. रडला तो तुझा बाप, आमचा भय्यासाहेब.

आता सरळ सांगते. ब्रह्मदेशात तुझं बॉम्बचं विमान पडलं, तू बहुतेक मेलास, असं सरकारने कळवलं. अशा माणसाची बारा वर्षं वाट बघायची रीत आहे. भय्यासाहेबाला कुठला धीर! क्षिप्रेकाठी सिद्धवटावर दर्भाचा मधू करून जाळला, पिंड दिले. मी थांब म्हटलं होतं, पण धाकटा भाऊ कधी ऐकतो का? आता तू जपान्यांच्या कैदेतून सुटलास, तर गुरुजी म्हणतात, क्रिया झालेला माणूस असाच घरात घेता येत नाही. तुपाने न्हाऊ घाला, परत बारसं, परत मुंज, अन् परत लग्न, त्याच बायकोशी. मला हा तमाशा पसंत नाही. पण ये, करून टाकू. पाळण्यात मावला नाहीस तर पाय बाहेर काढ.

इस्पितळाच्या जेवणावर फार माया करू नकोस, थोडी आमच्यासाठी ठेव.

अक्का

लष्करी इस्पितळ, पुणे
ता. १२ नोव्हेंबर

ती. अक्काआत्यास शि. सा. न. वि. वि.

पाळण्याचं वाचून विष्णू खूप हसला. हा माझ्याच कोठडीतला. पत्र त्यानेच वाचलं, हेही तोच लिहितो आहे. रंगूनच्या तुरुंगात नुसत्या भातावर राहून माझे डोळे गेले. उजेड कळतो, माणूस कळतो, चेहरा कळत नाही.

बाबांवर राग नाही. पण क्रिया झालीच आहे तर राहू द्या. चारूचं कुंकू तुम्ही पुसलंत. ते परत लावून तिच्या गळ्यात आंधळा कशाला बांधायचा? तिला शिकवा. मी येत नाही. तिला तुम्हीच सांगा.

माया आहे तशी राहू द्यावी.

आपला मधू

उज्जैन
ता. १९ नोव्हेंबर

चि. मधुकरास आशीर्वाद. विष्णूला पण. अक्षर चांगलं आहे त्याचं.

मी चारूला काही सांगितलं नाही. पत्रच हातात दिलं. बायको तुझी आहे, माझी नाही. तिने वाचलं, पदर खोचला अन् थेट भय्यासाहेबासमोर जाऊन उभी राहिली. सासऱ्यासमोर कधी मान वर न करणारी पोरगी! म्हणाली, लग्न केलंत तेव्हा मला विचारलं नाही, कुंकू पुसलंत तेव्हा विचारलं नाही, आता हे पण तिथे बसून माझं ठरवतात. लग्न परत करायचं तर मी आता कुमारिका. आधी मला मुलगा दाखवा. प्रश्न मी विचारीन, पसंती मी सांगीन.

गुरुजींनी पोथी उलटीपालटी केली. हरकत सापडली नाही. भय्यासाहेब कधी नव्हे ते हसला, अन् गाडीची वेळ विचारायला स्वतः स्टेशनवर गेला.

तेव्हा विष्णूला सोबत घे अन् निघ. डोळ्यांची सबब चालणार नाही. बघायचं तिला आहे, तुला नाही.

पसंत करील की नाही, मला विचारू नकोस. मला माहीत आहे. सांगणार नाही. बस.

अक्का