पेजरच्या दोन ओळी

गुरुवार, जून १९९७. लिंबायत, सुरत.

आज सकाळी पेजरच्या ऑफिसात एक माणूस मला शोधत आला. परवा त्याच्या बहिणीने फोनवर सांगितलेला निरोप मीच टाइप केला होता. "रमेशभाऊ, मी सुनंदा, बारडोलीहून बोलतेय, आईला दवाखान्यात आणलंय, शेवटचं बघायचं तर आत्ता ये." ती बोलली तसंच लिहिलं. पेजरवर एका वेळी दोनच ओळी दिसतात. त्याने नाव-गाव पाहिलं आणि कामाच्या गडबडीत पेजर खिशात टाकला. पुढचं संध्याकाळी वाचलं. तोवर आई गेली होती.

"ताई, 'आत्ता ये' आधी का नाही लिहिलं?" एवढंच विचारलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

साहेब म्हणाले, तुझी चूक नाही. मग कोणाची? दोनच तर ओळी होत्या.

नंतर दिवसभर प्रत्येक निरोपात निकडीचं आधी लिहिलं. आता लिहून काय?