डाव्या टेबलाकडून उजव्या टेबलाला

लिहून ठेवणार मी, वय वर्षे बहात्तर, धंदा कॉम्प्युटर दुरुस्ती, दुकानात येणाऱ्या लहानथोरांची ‘वहिनी’. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी काल घरी येऊन तशी खात्री करून घेतली. वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि जाताजाता स्वतःचा लॅपटॉप हळू का चालतो तेही विचारून घेतलं. मी ते बरोबर सांगितलं. तेव्हा माझ्या शुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तो आणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

हे मी हाताने लिहिते आहे. टाइप केलं असतं तर लिनक्स या सिस्टिमवर केलं की विंडोजवर, यावरून माझ्यामागे दोन तट पडले असते आणि मूळ मृत्युपत्र बाजूला राहिलं असतं. आमची माणसं मी ओळखून आहे.

कलम एक. राहतं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, चिरंजीव आणि सूनबाई यांना निम्मं-निम्मं. निम्मं म्हणजे कागदावर दोघांची नावं, नुसतं तोंडी नाही. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी. ती काय शिकेल यात कोणी नाक खुपसायचं नाही, मीही खुपसलेलं नाही. फार.

कलम दोन. माझं वाचायचं टेबल आणि त्यावरचा दिवा सूनबाईला. ही मुलगी लग्न होऊन आली ती हातात ॲपलचा मॅक लॅपटॉप घेऊन. मी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. म्हटलं, उघडताही येत नाही असलं मशीन कसलं गं घेतेस, दुरुस्त कसं करायचं? ती म्हणाली, “आई, बिघडलं तर बघू की.” आठ वर्षं मी टपून बसले होते. बिघडलं नाही. झाकण उघडलं की मशीन जागं, आणि ही कामाला लागलेली. व्हिडिओ जोडण्याचं तिचं काम मी मागे उभी राहून पाहिलं आहे. हात थांबतच नाहीत. माझ्या मशीनवर मी एवढ्या वेळात प्रिंटरची समजूत काढत असते. हे तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते. एकच तक्रार आहे, चार्जर मागितला की ही बया किडनी मागितल्यासारखं बघते. ते मी माफ करते.

कलम तीन. आमच्या ह्यांची वायरी डागायच्या कावियाची पेटी, तीन नंबरचा स्क्रूड्रायव्हर धरून, जशीच्या तशी दुकानातच राहील. त्याचं कारण सांगायला दुकान सांगावं लागेल.

दुकान ह्यांनी आणि ह्यांच्या धाकट्या भावाने काढलं. तीन टेबलं. डावीकडे मी, लिनक्सवाली. उजवीकडे भावजी, विंडोजवाले. मध्ये हे, कोणाचेच नाहीत, पंखे साफ करायचे, सुटलेली वायर डागायची आणि म्हणायचे, “मशीनला धूळ कळते, तुमचं भांडण कळत नाही.” पण भांडण आम्ही सोडलं नाही. रोज चार वाजता चहा आला की सुरू. शेवटी ह्यांनी नियम केला: समोरच्याच्या सिस्टिमचा आधी एक गुण सांगायचा, मग पाहिजे तेवढं भांडायचं. गुण जुना चालणार नाही, रोज नवा.

बघा, तीस वर्षं रोज नवा गुण. सुरुवातीला जिभेवर येईना. मग शोधायची सवय लागली. भावजी म्हणायचे, “वहिनी, तुमचं लिनक्स भंगारातलं मशीनसुद्धा उठवून बसवतं, हे मानलं.” मी म्हणायचे, “भावजी, छापखान्याचा तो पंचवीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम तुमच्या विंडोजवर आजही चालतो. म्हाताऱ्याला घराबाहेर काढत नाही तुमची सिस्टिम.” मग त्यांनी मला अपडेटवरून ऐकवायचं, मी त्यांना अपडेटवरून ऐकवायचं, आणि गिऱ्हाईक मधल्या मध्ये हसून हसून बेजार. कित्येक लोक काही बिघडलेलं नसताना चार वाजता येत.

कलम चार. जुनी मशीनं, एकूण अकरा, सगळी लिनक्सची, वाचनालयाला द्यावीत. चालू आहेत. कोणी ‘एवढ्या जुन्यावर काय होणार’ म्हणालं तर त्याला अर्धा तास बसवून दाखवावं.

कलम पाच, जुने हिशेब. आमच्या लिनक्सवाल्यांच्या मंडळातल्या त्या दाढीवाल्याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. नवख्या मुलीने साधा प्रश्न विचारला तर हा म्हणाला, “आधी मॅन्युअल वाच.” ती परत आली नाही. आपली सिस्टिम चांगली आहे म्हणून आपणही चांगले, असं आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटायचं. ते किती खोटं आहे ते पुढच्या कलमात येतंय.

कलम सहा. दुकान, त्यामागची खोली, पाटी, फोन नंबर आणि गिऱ्हाईक, हे सगळं मी भावजींना देते. एकट्यांना. पूर्ण.

चिरंजीव, तू रागावशील. दुकानाच्या कागदावर तुझ्या वडिलांचं नाव होतं, त्यांच्यानंतर माझं लागलं, तेव्हा पुढे ते तुझं, असं तू धरून चाललास. मी तुला विचारलं होतं, माझ्यानंतर काकांचं काय? तू म्हणालास, “बघू.” आपल्या घरात ‘बघू’ म्हणजे काय ते मला शिकवू नकोस, तो शब्द मीच तुला शिकवला. मोक्याची जागा आहे, तू विकशील. आणि सहासष्ट वर्षांचा तो माणूस, ज्याला बायको नाही, पोर नाही, उजवं टेबल सोडून दुसरं काही नाही, तो पिशवी घेऊन रस्त्यावर येईल. मी असताना हे होणार नाही आणि नसतानाही होणार नाही.

पण खरं कारण वेगळंच आहे. ते मी सतरा वर्षं पोटात ठेवलंय.

हे जाऊन दोन वर्षं झाली होती. प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या सिस्टर होत्या, भावजींच्या गिऱ्हाईक. एकतीस वर्षांत त्यांनी ज्या ज्या मुलाला जगात आणलं त्याची नोंद त्यांनी वह्यांमधून कॉम्प्युटरवर चढवली होती: वेळ, वजन, आणि पुढे एक ओळ. ‘रडायला उशीर केला.’ ‘आईने आधी हसून घेतलं.’ अशी. चार वर्षं बसून केलेलं काम. मशीन जरा हळू झालं म्हणून त्यांनी दुकानात आणून ठेवलं. भावजी त्या दिवशी बाहेर कामाला गेले होते.

मला वाटलं, हीच संधी. विंडोजच्या शेजारी गुपचूप लिनक्स बसवून देते, सिस्टर म्हणतील किती भरभर चाललंय, आणि भावजींचं तोंड बघू. कोणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. बॅकअपही घेतला नाही, कारण मी हे शेकडो वेळा केलं होतं. बसवताना सिस्टिम विचारते, शेजारी जागा करू की पूर्ण डिस्क पुसू? मी दुसऱ्यावर टिचकी मारली. रिकाम्या जुन्या मशीनवर रोज तेच करायची सवय, हात आपोआप गेला. सिस्टिम पुन्हा एकदा खात्री करून घेते, तो प्रश्नही मी न वाचता उडवला. अर्ध्यात लक्षात आलं. तोवर वरून नवं लिहिलं गेलं होतं. दिवसभर खटपट केली, काही हाती लागलं नाही.

संध्याकाळी भावजी आले. मी म्हटलं, “तुमची विंडोज मेली बघा. सुरूच होईना.”

विंडोजने काहीही केलं नव्हतं. लिनक्सनेही नाही, त्याने तर दोनदा विचारलं. केलं ते मी.

भावजींनी मशीन घेतलं, उजव्या टेबलावर नेलं, पाठमोरे बसून उघडून पाहिलं. मग म्हणाले, “बॅकअप मी घेऊन ठेवायला हवा होता. चुकलंच.” सिस्टरना फोनही त्यांनीच केला. आणि मग चौदा महिने दर रविवारी हा माणूस सिस्टरच्या घरी गेला. माळ्यावरच्या वह्या उतरवल्या, आणि दोन बोटांनी सगळ्या नोंदी पुन्हा टाइप केल्या. एकूण एक. ‘रडायला उशीर केला’ हेसुद्धा. मी काय केलं? मी मूग गिळून गप्प बसले. सोमवारी चार वाजता चहा आला की त्यांच्याशी विंडोजवरून भांडले. लाज वाटते लिहिताना, पण लिहिते.

आमच्या धंद्यात हुशार माणसं पुष्कळ पाहिली. असं काम करणारा माणूस एकच पाहिला, आणि तो माझ्या समोरच्या टेबलावर होता.

भावजी, हे वाचून तुम्ही दुकान नाकाराल याची मला भीती आहे. तसं करू नका. ही भरपाई नाही. दुकान तुमचंच होतं, कागद तेवढा चुकीच्या नावावर राहिला. आणि जमलं तर मला माफ करा.

वरची सहा कलमं लिहून झाल्यावर आज दुकानामागच्या खोलीत साक्षीदार बोलावले. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते, असं वकील म्हणाले. म्हणून एक डॉक्टर आणि दुसऱ्या मुद्दाम सिस्टर. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण सिस्टरना मी सहावं कलम मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचंच गेलं होतं. भावजी पुढे दुकानात आहेत. त्यांना सांगितलंय, विम्याचे कागद आहेत.

सिस्टरनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, “अहो, मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“त्यांनी मला तिसऱ्याच रविवारी सांगितलं. डिस्क उघडली तेव्हाच कळलं म्हणाले, आत तुमचं ते लिनक्स अर्धवट बसलेलं. मी तणतणतच निघाले होते तुमच्याकडे. त्यांनी दार अडवलं.”

“का?”

“म्हणाले, वहिनींना बोलू नका. त्या कबूल करायला आल्या तर मान खाली घालून येतील, आणि परत कधी भांडणार नाहीत. दादा गेल्यापासून दुकानात जो काही आवाज आहे तो त्यांचाच आहे. तो बंद झाला तर मी तिथे बसू कसा?”

डॉक्टर खिडकीकडे बघायला लागले. मला आधी राग आला, खरं सांगते. सतरा वर्षं मी लपवतेय आणि हा गृहस्थ समोर बसून चहा पितोय! मग मला रडू आलं. सिस्टरनी पाणी दिलं.

म्हणून हा शेवटचा बदल, साक्षीदारांसमोर. सहाव्या कलमातलं माफ करण्याबद्दलचं वाक्य मी खोडते आहे. ते त्यांनी सतरा वर्षांपूर्वीच करून टाकलंय. बाकी सर्व कायम. आणि हे कलम भावजींनी माझ्यामागे, वकिलाच्या तोंडून ऐकायचं नाही. सह्या झाल्या की मी उठून पुढे जाणार आहे आणि त्यांच्या टेबलासमोर उभी राहून सगळं स्वतः वाचून दाखवणार आहे. मान वर ठेवून, आणि आवाज चढवून.

(सही) वहिनी

साक्षीदार:
१. डॉक्टर. सही करणारी पूर्ण शुद्धीत आहे, हे मी पाहिलं आहे.
२. सिस्टर, निवृत्त. मजकूर ऐकला, खरा आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली
गुरुवार, दिनांक १० ऑक्टोबर २०२४, दुपारी चारला दहा मिनिटं कमी