पुसलेले फोटो

रेन, १२ मार्च

प्रिय ग्वेन्दाल दादा,

कसा आहेस? तुझ्या छोट्या एनोराचा खोकला गेला का? आईचा गुडघा आता बरा आहे. रविवारी ती गालेत, तिची ती कुट्टूच्या पिठाची धिरडी, करणार आहे आणि आपण दोघांनीही यायचं, असं तिचं फर्मान आहे. मी नुसतं "बघते" म्हटलं. अक्षर वाकडं आलंय, कारण उजवं मनगट पट्टीत आहे. ते तुला माहीतच आहे.

सकाळपासून चार ओळी लिहिते आणि उठून खिडकीशी जाते.

आईला सांगितलं, सायकलवरून पडले. "एवढी वर्षं चालवतेस, आताच कशी पडलीस गं?" म्हणाली.

शनिवारचं तुला ठाऊक आहे, तरी माझ्या बाजूनं सांगते. प्रसूतिगृह बंद करू नका म्हणून परिचारिकांचा मोर्चा होता. मी फुटपाथवर, भिंतीला पाठ लावून, दंडाला 'प्रेस'ची पट्टी. तुमची पोलीस तुकडी पुढे आली, एक बाई पडली, आणि त्या पडलेल्या बाईवर तुझ्या सहकाऱ्यानं दंडुका चालवला. मी फोटो काढत राहिले. तो माझ्याकडे वळला.

"कॅमेरा खाली! पूस सगळं!"

"नाही पुसणार. रस्त्यावर उभं राहून फोटो काढायचा हक्क आहे मला."

"मला हक्क शिकवतेस?"

त्यानं मनगट पिरगळून कॅमेरा हिसकावला. पण पुसायचं कसं ते कळेना. नुसती बटणं दाबत बसला. मग दुसऱ्या कुणीतरी तो हातात घेतला.

दुसऱ्या कुणीतरी नाही. तू घेतलास. एनोराच्या बाप्तिस्म्याला मीच तुला तो चालवायला शिकवला होता. मान खाली घालून तू सगळं पुसलंस आणि हळूच म्हणालास, "नोलू, घरी जा." घरी कुठली जाते! मला पोलीस गाडीत घातलं. आरोप काय, तर मी तुझ्या त्या सहकाऱ्याला ठोसा मारला म्हणे.

मला वाचवायलाच पुसलंस, असं कोठडीत स्वतःला समजावत होते. कधी पटतं, कधी अजिबात नाही.

एक गोष्ट तुला माहीत नव्हती. हल्ली माझा फोटो काढल्याक्षणी संपादकांकडे जातो. सगळे पोचलेत, अगदी मनगट धरेपर्यंतचे. दोन्ही हात कॅमेऱ्यावर नसते तर ते निघालेच नसते, मग ठोसा कुठल्या हातानं मारला? शेवटच्या फोटोत त्याच्या खांद्यामागे तू आहेस. हेल्मेटची काच वर. स्पष्ट दिसतोस.

संपादकांनी विचारलं, "मागचा चेहरा धूसर करू?" मी हो म्हटलं. न्यायालयात मात्र तसं चालत नाही. माझ्या वकीलबाई म्हणाल्या, "हा कोण? यानं सगळं पाहिलंय." मी म्हटलं, माहीत नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आज सकाळी मात्र फोन करून तुझं नाव सांगितलं.

हेच लिहायला बसले होते.

तुला साक्षीला बोलावणं येईल. त्या पडलेल्या परिचारिकेचं खुब्याचं हाड मोडलंय, दादा. माझी बाजू घे, असं मी म्हणत नाही. विचारतील तेव्हा पाहिलंस तेवढं सांग. तुकडीतले तुझ्याशी बोलायचे बंद होतील, कदाचित बदलीही होईल. ते मला दिसतंय. तरी नाव मागे घेणार नाही. सरकारी कागदाआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

तिथे तू गप्प राहिलास तरी मी तुझी बहीणच राहीन. फक्त त्यानंतर तुझ्याशी काय बोलायचं, ते मला सुचणार नाही.

तुझी धाकटी,
नोल्वेन