उत्तम शुक्रवारची अकरा पानं

करागंदाजवळून,
१३ फेब्रुवारी १९९५

ती. राइनहोल्डदादास,
मालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. हुल्दावहिनीला जर्मनीतली दुकानं आवडली पण पाव काही आवडला नाही, हे मी प्रार्थनेनंतर मोठ्याने वाचून दाखवलं. बायका फार खूश झाल्या. जे आपल्या जर्मन वाडवडिलांच्या देशी गेले त्यांना तिथे थोडं तरी उणं पडावं, एवढी माया आम्ही अजून राखून आहोत.

इथे बर्फ खिडकीला टेकलाय. ओटिलियाकाकूंच्या पुढच्या खोलीत आम्ही एकोणीस जण जमतो. सतरा बाया आणि दोन पुरुष. त्यातला एक ठार बहिरा, पण माझ्या वाचनाची तारीफ सगळ्यात जास्त तोच करतो.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबरात जाताना तू बाबांचं हाताने उतरवलेलं उपदेशाचं पुस्तक माझ्या ओंजळीत ठेवलंस आणि वाचकाची खुर्ची दिलीस. नाताळाआधीच्या आगमनकाळापासून एकही रविवार मी अडखळले नाही. काल पुढचं चाळून ठेवावं म्हणून बसले. उपवासकाळाचे सगळे रविवार जागच्या जागी आहेत, पण प्रभूच्या मरणाच्या उत्तम शुक्रवारपाशी वर बाबांच्या अक्षरात नुसतं शीर्षक आणि खाली अकरा पानं कोरी! तीस वर्षं तू त्या दिवशी तासभर वाचत होतास, ते कुठून? ती पानं वेगळ्या वहीत असणार आणि ती तुझ्या पेटीतून तिकडे गेली असणार. तुझा विसरभोळेपणा मला नवा नाही. वही ताबडतोब टपालाने पाठव. आपला नियम तुला माहीत आहे. वाचकाने पुस्तकात लिहिलेलंच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही. याकोबकाकांनी एकच वाक्य घातलं, तर त्यांना खुर्चीवरून उठवलं होतं. मला या वयात उठवून घ्यायचं नाही.

वहिनीला नमस्कार सांग. माया आहे ती तशीच असू दे.
तुझी,
माली


जर्मनी,
६ मार्च १९९५

चि. माली हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस कोटाच्या खिशात घेऊन हिंडतोय. हुल्दाने विचारलं तर दात दुखतोय म्हणून सांगितलं.

माली, वही नाही. कधीच नव्हती.

बाबा सक्तमजुरीच्या छावणीत एका सोबत्याच्या पुस्तकावरून चोरून उतरवून घेत होते, हे तुला ठाऊक आहे. उत्तम शुक्रवारपर्यंत आले आणि त्या माणसाची बदली झाली. महिनाभराने तो परत आला, तोवर त्याच्याजवळची तेवढी पानं कुणीतरी तंबाखू वळायला फाडली होती. बाबांनी जागा सोडून पुढचं उतरवलं. हे मला आईने फार उशिरा सांगितलं. बाबा गेल्यावर पहिल्या उत्तम शुक्रवारी मी खुर्चीवर बसलो, पुस्तक उघडलं, तर कोरं. समोर साठ माणसं बसलेली. बाबांना तो उपदेश पाठ असणार, मला कुठला येणार? मी चष्मा सारखा केला, कोऱ्या पानावर बोट ठेवलं आणि तोंडाला येईल ते बोलत गेलो. पानं उलटत राहिलो. पुढच्या वर्षी खरं सांगू म्हटलं, आणि अशी तीस वर्षं गेली.

बाकीचे रविवार मी प्रामाणिकपणे वाचले. पण ज्या दिवशी प्रभू मेला, नेमक्या त्याच दिवशी मी मंडळीला फसवत आलो. इथल्या वृद्धाश्रमातले आपले लोक वाचायला बोलावतात. नजर अधू झाली म्हणून टाळतो. त्या खुर्चीची आता भीती वाटते.

तू खोटं वाचू नकोस. मंडळीला सगळं सांगून टाक. माझं नाव जायचं तर जाऊ दे.

या भावावर राग धरलास तरी पत्र तोडू नकोस.
तुझा,
राइनहोल्ड


करागंदाजवळून,
१७ एप्रिल १९९५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

प्रभू उठला आहे! काल ईस्टर झाला. शेजारची बिबिगुल बाऊरसाकचे पिठाचे गोळे तळून घेऊन आली होती. माझे सुजलेले डोळे बघून, तुमच्या सणाला रडायची पद्धत आहे का, असं तिने विचारलं. यंदापासून आहे, म्हटलं.

तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग घाबरगुंडी उडाली. गुरुवारी दुपारी ओटिलियाकाकूंकडे गेले आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. काकू नूडल कापत होत्या. सुरी न थांबवता त्या म्हणाल्या, की तुझ्या बाबांच्या वेळेपासून वाचकाच्या डाव्या हाताला मीच बसते, मला काय पान दिसत नाही? सगळ्या बायांना ठाऊक आहे. त्या दिवशी कुणी आजारीसुद्धा पडत नाही, ते काय उगाच? दादा, तू दरवर्षी वधस्तंभापासून लांब उभ्या राहून प्रभूकडे पाहणाऱ्या बायांपाशी यायचास आणि तिथे आवाज अडकायचा. ते पुस्तकातलं नव्हे, हे कळायला शहाणपण लागत नाही, म्हणाल्या.

आणि दादा, हे नीट बसून वाच. काकू म्हणाल्या, बाबांनाही काही पाठ नव्हतं. तेही कोऱ्या पानांवरूनच बोलायचे, दरवर्षी वेगळं, आणि पानं उलटायचे. मी विचारलं, मग याकोबकाकांना का उठवलं? तर म्हणाल्या, त्याने साध्या रविवारी घातलं, आणि तेही स्वतःच्या गाईबद्दल.

शुक्रवारी मी पुस्तक उघडलं. त्या लांब उभ्या बायांचं वचन म्हटलं आणि पुढे काही सुचेना. मग छावणीच्या तारेबाहेर आईबरोबर उभी होते ते सांगितलं. अकरा वर्षांची होते. बाबांसाठी खिशात गरम बटाटा धरून ठेवला होता. पहारेकऱ्याने जवळ जाऊ दिलं नाही. बटाटा हातात गार होत गेला, पण बाबांनी लांबून आम्हाला पाहिलं. तेवढंच बोलले. पान उलटायचं भान मला राहिलं नाही. काकूंनी बोटाला थुंकी लावून ते उलटलं.

नंतर बोललेलं त्या पानांवर उतरवून ठेवावं म्हणून मी दौत घेतली, तर काकूंनी ती काढून घेतली. पुढे बसेल त्याने काय वाचायचं, म्हणाल्या.

तुझ्या डोळ्यांना बरं वाटेल अशी आशा आहे. माझ्यावर आहे तो जीव तसाच राहू दे.
तुझी,
माली


जर्मनी,
८ मे १९९५

चि. माली हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हुल्दाला वाचून दाखवलं. तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं म्हणे. आदल्या दिवशी मी जेवायचो नाही, त्यावरून. तीस वर्षं मी एकटाच काय तो फसत होतो! हसलो, मग दोघंही रडलो. कालपासून जेवण गोड लागतंय.

ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवसाच्या सणापासून वृद्धाश्रमात वाचायला जाणार आहे. तिथलं पुस्तक छापील आहे, जाडजूड, एकही रविवार सुटलेला नाही. मी घरी आणून पाहिलं. उत्तम शुक्रवारपाशी मी अकरा कोरे कागद घालून ठेवलेत.

ओटिलियाकाकूंना माझा साष्टांग नमस्कार. तुझ्यावर होती ती माया आता दुप्पट झाली आहे, एवढं समज.
तुझा,
दादा